आक्काच्या हाताची चव

१४ डिसेंबर

आले बाई एकदाची सासरी! हिंडलग्याहून निघताना आईनं बेळगावी कुंद्याचे एवढे डबे लादले की गाडीत नवरीला जागा उरली नाही. संकेश्वरच्या पुढे उसाच्या ट्रॅक्टरमागून रांगत आलो. निपाणीत शिरताच तंबाखूचा वास नाकात गेला आणि मी अशी शिंकले की गोमटेश पोट धरून हसला. म्हणाला, महिनाभरात हा वास तुला येईनासा होईल.

गाव निपाणीपासून थोडं आत आहे. घर रस्त्याला लागून, पुढं ऐसपैस ओटा, मागं तंबाखूची जुनी वखार, आता रिकामी. माणसं मोजकीच. थोरले दीर बाळगोंडा, त्यांना सगळे आण्णा म्हणतात. त्यांची बायको तारामती, म्हणजे माझी जाऊ, अख्ख्या गावाची आक्का. त्यांची मुलगी सन्मती, दुसरीत आहे, पुढचे दात पडलेत. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या, त्यामुळे सासूबाईसुद्धा आक्काच. गोमटेशचं निपाणीत बी-बियाणं आणि खताचं दुकान आहे.

जेवणं सूर्य मावळायच्या आत. माहेरीही हा नियम होता, पण बेळगावच्या नोकरदार घरात तो कॅलेंडरसारखा भिंतीवरच टांगलेला. इथं खरंच पाळतात. पाणी दुहेरी फडक्यातून गाळतात आणि फडकं हलक्या हातानं परत आडात धुतात, म्हणजे त्यातला बारीकसा जीवही आपल्या घरी परत जावा. मला हे फार आवडलं.

उंबऱ्यावर आक्कांनी माझे हात हातात घेतले आणि म्हणाल्या, लई नाजूक हात हाईत गं तुझे. आईनं फोनवर पुन्हा पित्ताच्या खड्यांची आठवण करून दिली. दहावीत महिनाभर तापानं पडले होते तेव्हापासून तिला मी काचेची वाटते. खडे आहेत, पण दुखत नाहीत, डॉक्टर म्हणाले दुखले तर बघू. मी ठणठणीत आहे आणि आज फार खुशीत आहे.

२२ डिसेंबर

ह्या घराला दार नुसतं नावाला आहे. सकाळपासून माणसं येतात. कुणाचं पोर रडतंय, कुणाला लोणचं बिघडल्याचं दाखवायचंय, कुणाच्या घरी बारसं आहे. सगळ्यांच्या तोंडी एकच, आक्का हाईत का? मी समोर उभी असले तरी माझ्या खांद्यावरून आत बघून विचारतात. मांजरसुद्धा माझ्या हातचं दूध हुंगून आक्काकडे जातं.

आणि तो हात! आक्काच्या हाताला चव आहे म्हणे. गावात कुठलंही कार्य असो, आमटी आक्काच्या हातची. गोमटेशसुद्धा जेवताना वैनी, वैनी. मी बी.एस्सी., घरचा स्वयंपाक मलाही येतो, पण आक्का म्हणाल्या, शिकलेली पोर तू, चुलीच्या धगीला कशाला येतीस? तू आपली काकडीची कोशिंबीर कर आणि ताक कर. म्हणजे जिथं काही बिघडायची सोय नाही ते माझ्याकडे.

आज कळलं की महाराज, म्हणजे आपले मुनी, पायी विहार करत गावात येतात तेव्हा जैन घरं चौका लावतात. सोळ्यात राहून, म्हणजे अंघोळ करून शुद्ध कपड्यात, कशाला न शिवता, त्यांच्यासाठी आहार करायचा आणि नारळ-कलश हातात घेऊन दारात उभं राहायचं. महाराज कुणाच्या दारी थांबतील ते त्यांनी मनात धरलेल्या नेमावर असतं. गेली कित्येक वर्षं ते आक्कासमोरच थांबलेत. महाराजांच्या ओंजळीत पहिला घास आक्कांच्या हातचा. गाव हे सांगताना हात जोडतं.

मला वाटलं, एकदा. फक्त एकदा मी तिथं उभी असावी.

९ जानेवारी

शेजारच्या आण्णाप्पांच्या मुलाची वास्तुशांत झाली. आण्णाप्पा म्हणजे गावातले जुने शिक्षक, तोंडात दात नाहीत पण गप्पांना खळ नाही. स्वयंपाक आक्काकडे, मी मदतीला. परातभर काकड्या मी एकटीनं चोचवल्या, दाण्याचा कूट, दही, सगळं हातानं कालवलं. हात कोपरापर्यंत बरबटले.

सगळ्यात आधी काय संपलं? कोशिंबीर. आण्णाप्पांनी तीनदा मागून घेतली, त्यांना तेवढीच चावता येते. आणि मग सगळ्यांसमोर म्हणाले, काय हो तारामती, तुमच्या हाताची चव म्हणजे! आक्का हसली. नुसती हसली. दीप्तीनं केलीय, एवढे दोन शब्द बोलली असती तर तिच्या तोंडचं मीठ कमी झालं असतं का? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इथं रोजनिशीत तरी मी तिला आता अहो-जाहो करणार नाही. गोगलगाय आणि पोटात पाय, दुसरं काय.

२८ जानेवारी

आण्णाप्पांच्या घरी ताप शिरलाय. आधी नातू, मग सून, आता स्वतः आण्णाप्पा. वरच्या आळीतही दोन-तीन घरांत. लोक म्हणतात हवा बदललीय. आक्का पेजेचा डबा घेऊन घरोघर फिरते, मला ताकाची किटली घेऊन मागोमाग फिरवते. लोक तिचे हात धरून रडतात. माझ्या हातातली किटली घेतात आणि तोंडाकडे बघतही नाहीत.

गोमटेशला म्हटलं, मी काय हमाल आहे? तो म्हणाला, वैनीसारखं मन मोठं कर जरा. 

१२ फेब्रुवारी

तालुक्याहून डॉ. पूर्णिमा आल्या. तरुण आहेत, स्कूटरवर फिरतात, मराठी बोलता बोलता कन्नडात शिरतात. टायफॉइड आहे म्हणाल्या. आड, नळ, टाकी, सगळ्याचं पाणी तपासून झालं, पाणी चांगलं निघालं. मग आमच्या ओट्यावर बसून त्यांनी जे सांगितलं ते मी कान देऊन ऐकलं.

म्हणाल्या, आजार काही पंगतीसारखा सगळ्यांना सारखा वाढला जात नाही. बहुतेक माणसं तो आपल्यापाशीच संपवतात, त्यांच्यापासून फार तर एखाद्याला होतो. पण एखादाच असा निघतो की जंतू त्याच्या पोटात घर करून राहतात, त्याला स्वतःला काही होत नाही, आणि तो जिथं जातो तिथं माणसं पडतात. त्यात तो माणूस दहा घरांत रांधणारा असला, किंवा त्याच्या घराचं दार सदा उघडं असलं, की झालंच. जिथं जाणं-येणं जास्त, तिथून तो पसरतो. कुणाचा दोष नसतो, असंही म्हणाल्या.

मी आत बघितलं. आक्का सगळ्यांसाठी चहा गाळत होती.

खोटं कशाला लिहू? मला आनंद झाला. आतून, गोड गोड आनंद.

२० फेब्रुवारी

डॉक्टरांना बाजूला घेऊन मी सांगितलं. वास्तुशांत, बारसं, पेजेचे डबे, सगळीकडे रांधणारा हात एकच. त्यांनी विचारलं, अजून कोण असायचं सोबत? मी म्हटलं, मी असते वरकामाला. त्या म्हणाल्या, मग दोघींचेही नमुने देऊन ठेवा, आणि निकालासाठी एक फोन नंबर. मी माझा दिला.

गावात गोष्ट कशी पसरते ते ह्या गावाकडून शिकावं. मी एकट्या मालुबाईला बोलले, ती आमच्याकडे भांडी घासते, आणि दुपारपर्यंत ओटा रिकामा झाला. आक्काला कुणी काही म्हटलं नाही. तिनं स्वतःच चुलीवरची कढई उतरवली, हात धुतले आणि म्हणाली, दीप्ती, आजपासनं तू बघ गं. मागच्या वखारीत अंथरूण नेलं. वेगळं ताट, वेगळा तांब्या.

सन्मतीला ताप आहे, म्हणून तिला आईकडे जाऊ देत नाहीत. वखारीच्या दाराशी रडत बसली होती. मी उचलून आणलं.

आमटी मी केली. गोमटेश म्हणाला, छान झालीय.

४ मार्च

आण्णाप्पा गेले. वय झालं होतं, आतडं फुटलं म्हणाले. मला रडू आलं, खरंच आलं. तीनदा मागून घेतलेली कोशिंबीर आठवली.

पण हेही लिहिते. दुखवट्याला आलेल्या बायका आता माझ्याकडे येतात. काय करायचं, किती शिजवायचं, मला विचारतात. सन्मतीला बेळगावात दवाखान्यात ठेवलं होतं, तिथं चार दिवसांत पोरगी हसायला लागली. काल घरी आणली. मी दहीभात कालवून तिला मांडीवर घेऊन भरवला. म्हणाली, काकी, तुझ्या हाताला आईसारखा वास येतो.

आक्काला भिंतीआडून ऐकू गेलं असेल का? गेलं असलं तर बरंच.

१६ मार्च

सन्मतीला पुन्हा ताप.

बेळगावात बरी होती. तिथं ती आणि आण्णा खानावळीचं जेवत होते. घरी आली आणि बारा-तेरा दिवसांत पुन्हा. आक्का तर वखारीत आहे. तिनं पोरीला शिवलेलंसुद्धा नाही.

मग कोण?

हा प्रश्न मी दिवसभर कामात गाडायचा प्रयत्न केला. भांडी दोनदा घासली. मालुबाई म्हणाली, वैनी, तुमचे हात लाल झाले की वं.

१९ मार्च

डॉ. पूर्णिमांचा फोन आला. मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते.

तारामतींचा निकाल चांगला आहे म्हणाल्या. त्यांच्यात काही नाही. मग त्यांनी विचारलं, दीप्ती, तुम्हाला पूर्वी कधी टायफॉइड झाला होता का? पित्ताचे खडे आहेत का? मी दोन्हींना हो म्हटलं. दहावीतल्या त्या तापाचं नाव तेच होतं. त्या म्हणाल्या, खड्यांच्या आडोशाला जंतू वर्षानुवर्षं बसून राहतात. घाबरू नका, औषध आहे, लागलंच तर पित्ताशय काढता येतं. तोवर दुसऱ्याच्या ताटाला हात लावायचा नाही. घरी सांगा. मी सांगते म्हटलं.

त्या म्हणाल्या होत्या कुणाचा दोष नसतो. तेव्हा मला तो आक्काला दिलेला हारतुरा वाटला होता.

वखारीच्या खिडकीतून आक्का बघत होती. तिनं खुणेनं विचारलं, कुणाचा फोन? मी मान हलवली. काही नाही.

२३ मार्च

सांगितलं नाही.

सांगणार आहे. पण सांगितलं की आक्का बाहेर येईल, ओटा पुन्हा भरेल, आणि वखारीत अंथरूण माझं जाईल. मला ते ताट दिसतं. आक्काला लोकांनी हाकललं नाही, ती स्वतः उठून गेली, तरीही लोक तिच्यासाठी हळहळतात. माझ्यासाठी कोण हळहळेल? नवी सून, आली आणि माणसं मारली, एवढंच म्हणतील.

कोशिंबीर बंद केली. ताक बंद केलं. जे उकळतं तेवढंच करते. उकळलेल्यात काही टिकत नाही, हे डॉक्टरांनीच सांगितलंय. मग कुणाचं काय बिघडतंय? साबणानं हात धुते, पुन्हा धुते. बोटांच्या सांध्यांना भेगा पडल्यात. सन्मतीला भरवत नाही, ती रुसते.

डॉक्टरांना फोनवर सांगितलं की मी माहेरी आलेय आणि औषध सुरू केलंय. त्यांनी विश्वास ठेवला. गोळ्या आणल्याच नाहीत. गोळ्यांच्या पट्ट्या गोमटेशला दिसल्या तर —

१० एप्रिल

महावीर जयंती. मिरवणुकीतून येताना बायकांनी मला मधे घेतलं. वरच्या आळीतल्या एकीनं माझे हात हातात धरले आणि म्हणाली, ह्या घराची लक्ष्मी आता तूच गं बाई. भेगांवर तिचा अंगठा फिरत होता. मला हात सोडवून घ्यायचे होते, आणि नव्हतेही.

सन्मती बरी आहे. हाडांचा सापळा झालीय, पण बरी आहे.

आक्का मिरवणुकीला आली नाही. एकासन धरलंय तिनं, दिवसातून एकदाच जेवते. आण्णाप्पांसाठी. तिला वाटतं तिनं —

एवढं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं होतं. पुन्हा उचललं. तिला वाटतं तिनं मारलं त्यांना. आणि मी तिला तसं वाटू देतेय.

२२ एप्रिल

महाराज येताहेत. अक्षय तृतीयेला इथंच असतील.

आण्णा, गोमटेश, आळीतली चार मोठी माणसं ओट्यावर बसली होती. चौक्याला कोण उभं राहणार? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या खांद्यावरून आत नाही, माझ्याकडे. मी मान खाली घातली. हसू आवरत नव्हतं. देवा, हसू.

मग आठवलं. अक्षय तृतीयेला आहारात उसाचा रस असतो. पहिल्या तीर्थंकरांनी दीर्घ उपवासानंतर ओंजळीत घेतला तो. मी आण्णांना म्हटलं, रस उकळून घेऊ या का? आण्णा हसले. म्हणाले, रस उकळला की काकवी होतीया पोरी, तो इक्षुरस कसला? ताजा गाळायचा, फडक्यात हातानं पिळायचा, तसाच ओंजळीत ओतायचा.

हातानं पिळायचा.

२६ एप्रिल

आज सांगते म्हणून वखारीत गेले. खरंच त्यासाठी गेले होते.

आक्का पिशवी भरत होती. म्हणाली, अक्षय तृतीया झाली की चिकोडीला भावाकडं जाते कायमची. सन्मती तुझ्यापाशी राहू दे. पोरगी जगाय पाहिजे, माझ्यापाशी ऱ्हाऊन न्हाय जगायची. गावात परत येणार न्हाय मी. मग माझ्यापासून चार हात लांब राहूनच म्हणाली, चौक्याला तू हाईस ते लई बरं झालं बघ. पयल्या दिवशीच म्हटलं हुतं, तुझे हात नाजूक हाईत.

आणि मग, वास्तुशांतीच्या दिवसाचं बोलली. म्हणाली, त्या दिवशी कोशिंबीर तू केलीस म्हनून सांगणार हुते गं, पण तू अशी रागानं बघत हुतीस, वाटलं चारचौघांत लाजशील. रातच्याला आण्णाप्पास्नी सांगितलं मी. ते म्हणाले, मग पोरीला हाताची चव हाय.

मी बाहेर आले. न सांगताच. 

२९ एप्रिल

ऊस आला. कोवळा, जाड पेराचा. गोमटेशनं स्वतः निवडला. सन्मती मोळीभोवती नाचतेय. एवढीशी पावलं. हात धुतले. धुतले. रक्त येतं आता.

उद्या म्हणायचं ते आक्कानं दारातून पाठ करून घेतलं. महाराज थांबले की तीन प्रदक्षिणा, आणि मग मोठ्यानं: मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहारजल शुद्ध आहे, भोजनशाळेत प्रवेश करावा. देणाऱ्यानं स्वतः म्हणायचं. ते ऐकल्याशिवाय महाराज आत पाऊल टाकत नाहीत.

नुसतं ऐकतात. तपासत नाहीत. शब्दावर विश्वास —

मन. वचन. काय. तिन्ही.

३० एप्रिल

अंघोळ झाली. सोळ्यात आहे. पेन धरलं म्हणजे सोळं मोडलं. मोडू दे. ते कधी होतं?

रस काढून झाला. मीच पिळला. फडकं धुऊन वाळत टाकलं. फडक्यात बारीकातला बारीक जीव अडकतो. मी अडकले नाही.

कलश तयार आहे. सांडता येईल. पाय अडखळला म्हणता येईल. पण मग दुसऱ्या दारी जातील. नाहीतर अंतराय झाला, आहारात विघ्न आलं म्हणतील, आज उपवास. नवी सून अपशकुनी. नाहीतर सरळ सांगावं, आक्काला हाक मारावी, आक्का, तुम्ही या, तुम्ही शुद्ध —

आक्का वखारीच्या दाराशी उभी आहे. लांबून हात जोडलेत. डोळे भरलेत. माझ्यासाठी. पिशवी पायाशी.

सगळी आळी दारात आहे. नमोस्तु, नमोस्तु ऐकू येतंय. आधी लांब. आता —

वरच्या आळीचं दार सोडलं. आण्णाप्पांचं दार सोडलं.

गोमटेश हाक मारतोय. दीप्ती, चल, वळले इकडं.

सांगेन. आत आले की ओंजळीत ओतायच्या आधी सांगेन. नाही, दारातच. सगळ्यांदेखत. म्हणायचं नाहीच ते वाक्य. नुसतं म्हणायचं नाही, बस. तोंड मिटून —

थांबले. माझ्या खिडकीसमोर. आमच्याच दारी. सगळे माझं नाव घेताहेत. किती गोड वाटतं ते, किती —

आले, आले मी —

मनशुद्धी, वचनशुद्धी, काय